कलशातले नानासाहेब

गुरुवारी संध्याकाळी अन्नपूर्णा भागातल्या आमच्या घरासमोर चपलांचा ढीग पार गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. हॉलमधला सोफा व्हरांड्यात, टीव्हीवर पांढरी चादर आणि मधोमध पाटावर पितळेचा भलामोठा कलश. कलशावर नारळ, नारळाला मोगऱ्याचा हार. या कलशातून माझे सासरे नानासाहेब बोलत असत. नानासाहेब रेल्वेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते आणि गेल्या हिवाळ्यात वारले होते, पण यातल्या दुसऱ्या गोष्टीकडे आता कुणी फारसं लक्ष देत नव्हतं.

"उषा," कलश म्हणायचा, "मी इथेच आहे."

आवाज हुबेहूब त्यांचाच. तीच घोगरी सुरुवात, वाक्याच्या शेवटी लागणारा तोच दम. माझ्या सासूबाई पदर तोंडाला लावायच्या आणि गर्दी "जय हो" म्हणून छत डोक्यावर घ्यायची.

शेजारी व्याघ्रचर्माच्या छापाच्या ब्लँकेटवर शब्दनाथ महाराज बसलेले असत. हातोदला त्यांचा आश्रम. "देह जळतो, नाद जळत नाही," ते सांगत. "क्यों भई, लाकूड जळलं, पण त्याचा ठक-ठक कुठे गेला? आकाशात! आम्ही फक्त आकाशाच्या दाराची कुंडी, कडी म्हणा, वाजवतो. कलशाला वायर आहे? दोरी आहे? या, हात फिरवून बघा." लोक हात फिरवून बघत. वायर खरंच नव्हती.

मात्र दर रविवारी महाराजांचे पट्टशिष्य गिरधारी भिया (म्हणजे भैया) कलश अभिषेकासाठी हातोदला नेत आणि सोमवारी परत आणून ठेवत. "नाद भी थकता है, भाभीजी. विश्राम लगता है उसको," असं त्यांनी मला समजावलं होतं. माझा मोबाईलही रोज असाच थकतो, हे मी मनात म्हटलं.

सासूबाईंचा विश्वास बसला तो गुडघ्यामुळे. एका गुरुवारी कलश म्हणाला, "उषा, उजवा गुडघा दुखतो ना? लपवू नकोस." सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या. हे दुखणं त्यांनी मुलाला सांगितलं नव्हतं, मला सांगितलं नव्हतं, डॉक्टरला तर नाहीच. दुसऱ्या दिवसापासून त्या नानासाहेबांसाठी वेगळा चहा ठेवू लागल्या.

माझं चुकलं एवढंच की मी प्रश्न विचारला. भर गर्दीत, हात जोडून. "नाना, तुमची पहिली पोस्टिंग कुठल्या स्टेशनला होती?"

कलश बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सुनेच्या अंगात संशय शिरलाय. तिला नैऋत्येच्या खोलीत ठेवा. तिच्याशी बोलू नका. पौर्णिमेला उर्वीला आश्रमात द्या, म्हणजे घर वाचेल."

उर्वी माझी मुलगी. नुकतीच पहिलीत गेली आहे. हातोदच्या आश्रमात मुलांसाठी गुरुकुल होतं आणि तिथे गेलेली मुलं आईबापांना फक्त उत्सवाला दिसत. ज्या घरची नात आश्रमात, ते घर जन्मभर आश्रमाचं. महाराजांना हे व्यवहारज्ञान चांगलं होतं.

त्या रात्री माझ्या नवऱ्याने, देवेंद्रने, खोलीच्या दाराला बाहेरून कडी बसवली. दारातच उभा राहून म्हणाला, "निधी, देख, थोड्या दिवसांची बात आहे. आईचं मन रह जाएगा. पौर्णिमा झाली की सगळं नॉर्मल."

"आणि उर्वी?"

त्याने कडी एकदा ओढून पाहिली. "तू चिल्लाना मत हं. चिल्लावलीस तर लोक म्हणतील, बघा, अंगात आलं."

तो बरोबरच बोलत होता आणि तिथेच माझी कोंडी होती. ओरडले तर बाधा, रडले तर बाधा, गप्प राहिले तर बाधा मुरतेय. माझा फोन घेतला, लॅपटॉप घेतला, ऑफिसला माझ्या नावाने आजारपणाचा मेल गेला. खिडकीला जाळी होती आणि जाळीतून शेजारच्यांची पाण्याची टाकी दिसायची. माझी मैत्रीण पंचशीला तुकोगंजच्या ऑफिसातून चौकशीला आली, तिला दारातूनच "अनुष्ठान चालू आहे" म्हणून वाटेला लावलं. तिची स्कूटर सुरू झाल्याचा आवाज मला वर ऐकू आला. पळून जायचं म्हटलं, तरी उर्वी खाली आजीच्या कुशीत होती. पळालेल्या बाईच्या बाजूने कोण बोलणार?

पण महाराजांच्या वास्तुशास्त्राने एक घोळ करून ठेवला होता. नैऋत्येची खोली म्हणजे माझी घरून काम करायची खोली. मी नेटवर्क इंजिनिअर आहे. घरात येणारं इंटरनेट आधी याच खोलीतल्या कपाटात येतं, तिथल्या स्विचमध्ये, म्हणजे केबली वाटून देणाऱ्या डब्यात, शिरतं आणि मग एका केबलने खाली हॉलच्या वायफायला जातं. गिरधारी भियांनी घरचं वायफाय "शुद्ध" करून दिलं होतं, म्हणजे पासवर्ड बदलून स्वतःच्या फोनवर ठेवला होता. कपाटात काय आहे, हे बघायची त्यांना गरज वाटली नव्हती. आणि शिलाई मशीनच्या जुन्या कव्हराखाली स्क्रीन-कीबोर्डसकट एक संगणक होता. पंचशीलाने ऑफिसातून भंगारात निघालेला माझ्यासाठी उचलून आणलेला, दोन नेटवर्क कार्डांचा दणकट डबा. त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवलेले असत, म्हणून तो कुणाच्या हिशोबात नव्हता.

पहिल्यांदा मी घाई केली. ड्रॉवरमधला लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावला, इन्स्टॉल करायला घेतलं आणि केबल जोडली. पंचशीलाला मेल टाकायचा, एवढंच डोक्यात होतं. इन्स्टॉल होताना यंत्राचं नाव विचारतात. आमच्या ऑफिसात सर्व्हरना पक्ष्यांची नावं द्यायची पद्धत आहे, म्हणून सवयीने मी "टिटवी" असं टाइप केलं. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली, मी वायर ओढली आणि वर कपडे टाकले.

गुरुवार होता, त्याच संध्याकाळी खालून कलशाचा आवाज आला. "वर नैऋत्येला टिटवी जागी झालीये."

गर्दीत उठलेली कुजबुज मला वरपर्यंत ऐकू आली. टिटवी ओरडणं म्हणजे अपशकुन, हे काय सांगायला हवं? गिरधारी भिया तरातरा वर आले, उर्वीची कार्टून बघायची टॅबलेट कपाटावरून उचलली, "ये है टिटवी" म्हणून घेऊन गेले. दाराला आता कडीशिवाय कुलूपही लागलं.

मी पलंगावर बसले. हो, त्या क्षणी मीसुद्धा घाबरले होते, खोटं कशाला बोलू? मग हळूहळू डोकं चालायला लागलं. टिटवी हा शब्द मी तोंडाने उच्चारलाच नव्हता. फक्त टाइप केला होता. मेलेल्या माणसाला तो कसा कळणार? एकच ठिकाण होतं जिथे तो उमटला असेल, घरच्या नेटवर्कला जोडलेल्या यंत्रांच्या यादीत. आणि ती यादी गिरधारी भियांच्या फोनवर दिसत होती. नानासाहेब स्वर्गातून नाही, राऊटरमधून वाचत होते.

म्हणजे मला असं यंत्र हवं होतं, जे त्या यादीत येणारच नाही. सगळं ऐकेल, पण स्वतः एक अक्षर बोलणार नाही.

दुपारी सासूबाई आडव्या व्हायच्या, तेवढाच माझा वेळ. मी सगळं पुसून पुन्हा सुरुवात केली. या वेळी यंत्राला दुसरं कुठलंच काम ठेवलं नाही. खिडक्या-चित्रांचा पसारा नको, नुसती काळी पाटी आणि अक्षरं. आपणहून बाहेर हाका मारणाऱ्या सेवा एकेक करून बंद केल्या: अपडेट शोधणारी, प्रिंटर शोधणारी, अचूक वेळ विचारणारी. घड्याळ मनगटावरच्या घड्याळाशी हाताने जुळवलं. मोठी डिस्क फक्त साठवणीसाठी वेगळी काढली आणि ती भरली की सर्वांत जुना तुकडा आपोआप पुसला जाईल, अशी सोय केली. वाहती माहिती पकडून ठेवणारं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर होतंच. मग मुख्य गोष्ट. ऐकणाऱ्या नेटवर्क कार्डाला पत्ताच दिला नाही. ज्याला पत्ता नाही, ते कुणाला उत्तर देत नाही आणि कुणाच्या यादीत येत नाही. समोरून जाईल ते सगळं मात्र गिळतं. शेवटी यंत्र निळ्या केबलने थेट स्विचला जोडलं आणि स्विचला सांगितलं, हॉलच्या केबलमधून जे येईल-जाईल त्याची एक नक्कल इकडेही पाठव.

ऐकायचं, बोलायचं नाही. लग्न झाल्यापासून मला हेच तर शिकवत होते सगळे.

पडद्यावर ओळी धावू लागल्या. देवेंद्रचा फोन, सासूबाईंचा फोन, टीव्ही. आणि एक निनावी यंत्र, जे झोपतच नव्हतं. हॉल शांत असला की त्याच्या ओळी तुरळक. आरतीची घंटा वाजली की ओळींची धार लागायची. कुणी खोकलं तरी धार. मी जाळीशी कान लावून बघितलं, खालचा आवाज आणि पडद्यावरची धार अगदी जोडीने चालत होते. हॉलमधलं कुणीतरी ऐकत होतं आणि ऐकलेलं बाहेर पाठवत होतं. सोमवारी कळलं ते कोण. रविवारी कलश अभिषेकाला गेला, तेव्हा ते यंत्रही गायब होतं आणि सोमवारी कलशाबरोबर परत हजर झालं.

स्वस्तातला माल असावा, कारण आवाज कुलूपबंद न करता तसाच पाठवत होता. मी पकडलेले तुकडे जोडून ध्वनी केला आणि हेडफोन कानाला लावला. आधी नानासाहेबांच्या रेल्वेच्या घड्याळाचे ठोके ऐकू आले. आणि मग माझी उर्वी.

"आजी, आई कधी खाली येणार?"

"येईल गं. तू दूध पी."

"मला आईच्या हातचं पाहिजे."

मी उशीत तोंड खुपसून रडले. एका मजल्याखाली असलेल्या माझ्या मुलीचा आवाज मला कलशात लपवलेल्या चोराच्या कानातून ऐकावा लागत होता. महाराजांचा इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता.

पुढच्या तुकड्यात सासूबाई होत्या. दुपारी एकट्या कलशाजवळ बसून बोलत होत्या, खालच्या आवाजात, नवऱ्याशी बोलावं तशा. "अहो, गुडघा आता डावाही धरतोय. देवेंद्रला सांगितलं नाही. उर्वी गेली की घर खायला उठेल हो, पण तुम्ही म्हणताय तर..."

दुसऱ्या दिवशी त्या ताट घेऊन आल्या, तेव्हा मी दार लावून घेतलं आणि म्हटलं, "आई, एकदाच ऐका. मग मला काय म्हणायचं ते म्हणा."

"निधी, महाराजांनी तुझ्याशी बोलायला मना केलंय."

"बोलू नका. फक्त ऐका."

हेडफोन मीच त्यांच्या कानावर ठेवला. त्यांचा स्वतःचा आवाज, त्यांचा डावा गुडघा, मागे घड्याळाचे ठोके. त्यांनी हेडफोन काढला नाही, हलल्याही नाहीत. मी सांगत राहिले की कलशात माईक आहे, स्पीकर आहे, तुम्ही जे बोलता ते हातोदला जातं आणि गुरुवारी तेच तुम्हाला परत मिळतं. नानांचा आवाज देवेंद्रने आशीर्वादासाठी दिलेल्या जुन्या रेकॉर्डिंगवरून बनवलाय. आजकाल संगणकाला थोडा आवाज दिला तर तो त्या आवाजात काहीही बोलतो.

सासूबाईंनी हेडफोन काढून पलंगावर ठेवला. चेहरा दगड. ताट ठेवलं, बाहेर गेल्या आणि कडी लावली. मग कुलूपही लागलं.

तो आवाज ऐकून माझा धीर सुटला. खरं समोर ठेवलं, कानात घातलं, तरीही दार बंदच. आता त्या महाराजांना सांगतील, संगणक जाईल, उर्वी जाईल. पण संगणक न्यायला कुणी आलं नाही. दुपारी मी पुन्हा हेडफोन लावला, तर सासूबाई कलशाशीच बोलत होत्या.

"अहो, रतलामचे दौलतराव गेले हो परवा. तुमचे किती सख्खे. तुम्हाला भेटले का तिकडे? त्यांना म्हणावं, भांडण विसरा."

हे दौलतराव कोण, ते मला ठाऊक नव्हतं. सासरच्या गोतावळ्यातले कुणी असतील. मला कळलं ते इतकंच की या बाईचा विश्वास तसूभरही हललेला नाही. मी हेडफोन भिरकावून दिला आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

पौर्णिमा गुरुवारीच आली. उर्वीची बॅग खाली हॉलमध्ये भरून ठेवलेली. मला आईच्या हाताने मुलीला निरोप द्यायला म्हणून खाली आणलं. निघताना मी पकडलेले आवाज पेन ड्राइव्हवर घेऊन पदरात बांधले. उपयोग होईल असं वाटत नव्हतं. उर्वी धावत येऊन पायांना बिलगली, तेव्हा गिरधारी भिया म्हणाले, "छोड़ दो बेटा, माया है." मी सोडलं नाही. गर्दीत, दाराशी, पंचशीला उभी होती. तिला कुणी येऊ दिलं, कळेना.

महाराजांनी कलशावर टिचकी मारून आकाशाची कुंडी वाजवली. कलश बोलला, "उषा, मी इथेच आहे. उर्वीला हसत पाठव." "जय हो!" झालं. मग आवाज आणखी कोवळा झाला. "आणि काळजी करू नकोस. रतलामचा दौलतराव इथे माझ्याजवळच आहे. आमचं भांडण मिटलं."

सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"देवेंद्र, दौलतराव कोण रे?"

देवेंद्र गोंधळला. "कौन? आपल्यात तर कुणी दौलतराव नाही, आई."

"रतलामला आपलं कोण आहे?"

"कुणीच नाही."

"बरोबर." सासूबाई महाराजांकडे वळल्या. "परवा भाजी निवडता निवडता मी हे नाव बनवलं. या हॉलमध्ये एकटी होते, दारं लावून. फक्त या कलशाला सांगितलं. महाराजजी, जो माणूस जन्मलाच नाही, तो मेल्यावर यांना भेटला कसा?"

 महाराज हसले. "माताजी, आत्म्याची नाती अथांग असतात. पूर्वजन्मीचा कुणी दौलतराव..."

"पूर्वजन्मी पण रतलामलाच होता का?" व्हरांड्यातून कुणीतरी विचारलं आणि पहिल्यांदा गर्दी हसली.

"आणखी एक," सासूबाई म्हणाल्या आणि आता त्यांचा आवाज फुटला. "यांनी जन्मात कधी मला नावाने हाक मारली नाही. 'अगं, ऐकलंस का' म्हणायचे. पहिल्याच गुरुवारी 'उषा' ऐकलं तेव्हाच मला खटकलं होतं. पण वाटलं, मेल्यावर माणसाची लाज जात असेल. मला ऐकायचं होतं, म्हणून मी ऐकत राहिले."

त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. "निधी, तुझ्या यंत्राने पकडलंय ना? लाव टीव्हीला. माझंच लाव, मला शरम नाही. पंचशीला, तिला मदत कर. मीच बोलावलंय हिला," हे शेवटचं देवेंद्रला.

पंचशीलाने टीव्हीवरची चादर ओढली, पेन ड्राइव्ह लावला. साऱ्या हॉलने सासूबाईंना दौलतरावाचं दुःख करताना ऐकलं, मागे नानासाहेबांच्या घड्याळाचे ठोके. तेवढ्यात भिंतीवरचं तेच घड्याळ वाजलं आणि कुणाला शंका उरली असेल तर तीही गेली. देवेंद्रने कलश उलटा केला. नारळ घरंगळत गेला. तळाच्या झाकणाखाली कापसात गुंडाळलेला स्पीकर, हरभऱ्याच्या दाण्याएवढा माईक आणि एक बॅटरी निघाली. गिरधारी भिया चपला शोधायला बाहेर गेले ते परत आले नाहीत. महाराज जाताना शाप देत होते, पण लोक बॅटरीकडे बघत होते.

एक म्हातारे गृहस्थ तरीही म्हणाले, "पर भिया, आवाज तर नानासाहेबांचाच होता."

होता. म्हणूनच तर सांगते. आपलं माणूस गेलं की कान त्याच्या आवाजासाठी आसुसलेले असतात आणि ठग नेमका त्याच कानांतून घरात शिरतो. यात मूर्खपणा नाही, प्रेम आहे. पण प्रेम आहे म्हणून प्रश्न विचारायचा नाही, असं कुठे आहे? कलश बोलला तर त्याला एक खोटी गोष्ट सांगून बघा. रविवारी तो कुठे जातो ते विचारा. उलटा करून बघा. खऱ्याला तपासण्याची भीती नसते आणि प्रश्न विचारणाऱ्या बाईला कोंडायला सांगणारा देव असूच शकत नाही. माझ्याकडे एक यंत्र होतं, हे खरं. पण महाराजांना पकडलं ते सासूबाईंनी, भाजी निवडता निवडता.

त्या रात्री त्यांनी देवेंद्रच्या फोनमधली नानासाहेबांची खरी जुनी रेकॉर्डिंग मागून घेतली. "अगं, ऐकलंस का, दूध उतू जातंय," एवढंच होतं तिच्यात. त्या ती पुन्हा पुन्हा लावत राहिल्या.

मग वर आल्या. देवेंद्र स्क्रू ड्रायव्हर घेऊन माझ्या दाराची कडी काढत होता. कडी निघाली, लाकडात भोकं राहिली. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "उद्या पुट्टी भरून रंग मारतो. पता भी नहीं चलेगा."

"नको," सासूबाई म्हणाल्या. "राहू देत भोकं. मला रोज दिसू देत." आणि मग माझ्याकडे वळून, "कुलूप मी लावलं होतं, निधी. त्या दिवशी. त्यांना संशय येऊ नये म्हणून लावलं, पण लावलं मीच."

 उर्वी माझ्या मांडीवर झोपली होती.